काकींच्या नापास बश्या

काकींच्या घरात एकही बशी धड नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता.

मुलुंड पूर्वेला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी मूळची कराडची. आग्रा रोडवरच्या एका औषध कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली होती आणि मुंबईत नात्याचं कोणी नव्हतं. कंपनीतल्या एका बाईंनी काकींचा पत्ता दिला. देताना म्हणाल्या, "बाई चांगली आहे. काय बोलेल ते मनावर घेऊ नको. आणि कपाळाला हात लावायला आली तर लावू दे."

दार काकींनीच उघडलं. ठेंगण्या, सडपातळ, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. मला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसल्या आणि डॉक्टर जीभ बघतात तशा माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. आतून बराच वेळ भांडी हलवल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा हातात एक प्लेट होती, तिच्यात घावने आणि चटणी.

"खा. आणि ही प्लेट आजपासून तुझी."

घावने संपले तसं प्लेटवरचं चित्र दिसायला लागलं. गुलाबाचं फूल एका कडेला, आणि त्याचा पानांसकट देठ पार दुसऱ्या कडेला. मधे नुसता पांढरा माळ.

"ही मलाच का?" मी विचारलं.

"तू वर आलीस, पिशवी जिन्यात राहिली," काकी म्हणाल्या.

मी धावत खाली गेले. पिशवी जिन्यातच होती.

या सगळ्याचा उलगडा संध्याकाळी शालिनीनं केला. शालिनी अकोल्याची, घाटकोपरला एका ऑफिसात कारकून, माझ्या आधीपासून काकींकडे राहत होती. तिनं सांगितलं की काकींनी उमेदीची सगळी वर्षं चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात काढली होती. खातं डेकोरेशनचं. लोकांना वाटतं, कपबशीवरची फुलं कोणी ब्रशनं रंगवत असेल. तसं नसतं. फुलं कागदावर छापून येतात. कागद कोमट पाण्यात बुडवला की फुलाचा पातळ पापुद्रा सुटतो. तो अलगद भांड्यावर सरकवायचा आणि अंगठ्यानं मधून बाहेर, मधून बाहेर असा दाबत न्यायचा, खालचं पाणी आणि हवा निघून जाईपर्यंत. मग भांडं भट्टीत जातं आणि छाप पक्का होतो. एवढासा बुडबुडा जरी आत राहिला, तरी भट्टीत तिथला रंग फुटतो आणि गुलाबाला भोक पडतं. कुठे छाप सरकतो, कुठे फाटतो, कुठे दोनदा बसतो. असली भांडी कारखाना सेकंड म्हणून विकायचा, आणि सेकंडातही जी बसत नसत ती कामगार घरी न्यायचे. काकी त्यांना नापास म्हणत.

काकींच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या दारांचं भिंतभर कपाट होतं आणि ते नापासांनी गच्च भरलेलं होतं. दोनदा छाप बसल्यामुळे दोन तोंडांचं झालेलं हरीण. पाय कागदावरच राहून गेलेला मोर. कुठल्याशा क्लबच्या चिन्हातला सिंह, आडवा बसल्यामुळे जेवून झोपल्यासारखा दिसणारा. एक सोनेरी काठाची बशी, जिच्या काठाची दोन टोकं एकमेकांना भेटायची राहून गेली होती. यातली कोणती कोणाला द्यायची हे काकी माणूस बघून ठरवत, आणि एकदा ठरलं की त्यात सहसा बदल होत नसे. शालिनीला दोन तोंडांचं हरीण मिळालेलं होतं.

"ही 'हो' म्हणाली की दुसऱ्या तोंडाकडे बघायचं," काकी मला म्हणाल्या. शालिनी तिथेच बसलेली होती. त्या आठवड्यात तिनं सुट्टीत अकोल्याला जायचं ठरवून दोनदा रद्द केलं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी एक कप ठेवलेला होता. त्यावरची फुलं उलटी बसलेली. समोर बसलेल्याला ती उलटी दिसत, पण कप तोंडाशी नेऊन वरून बघणाऱ्याला ती बरोबर सरळ दिसत. "त्यांचं असंच आहे," काकी म्हणाल्या. "स्वतःला तेवढे सरळ दिसतात."

स्वतः काकी जेवत त्या प्लेटवर काहीच दिसत नसे. ती मी पहिल्यांदा घासली तेव्हा कळलं की गुलाबांची अख्खी टोपली तिच्या मागच्या बाजूला आहे. खात्यात नव्यानं आलेल्या एका मुलीनं प्लेट उलटी धरून छाप लावला होता.

"आणि तुमचं कोणी ठरवलं, काकी?" मी विचारलं.

"माझं मीच. दुसऱ्या कोणाला एवढा वेळ आहे?"

नोकरी सुटली होती, पण काकींचा अंगठा निवृत्त झाला नव्हता. तो रुंद होता, चपटा, चमच्यासारखा. कुठलीही चिकटवलेली वस्तू दिसली की तो आपोआप पुढे यायचा. पाकिटावरचं तिकीट, भिंतीवरचं कॅलेंडर, शेजारच्या पोरांच्या गुडघ्यांवरच्या पट्ट्या. सकाळी ऑफिसला निघताना त्या दारात उभ्या राहून आमच्या टिकल्या दाबत. "मधून बाहेर," असं म्हणत आणि दाबत. ऑफिसात दुपारपर्यंत तो अंगठा कपाळावर जाणवायचा. त्यांच्या घरी फुगलेली पुरी मी कधी खाल्ली नाही. कढईत पुरी फुगली की काकी झाऱ्यानं तिला बसवायच्या.

"काकी, पुरी फुगायलाच हवी ना," शालिनी म्हणायची.

"बुडबुडा आहे तो. फुटेल."

"कुठे फुटेल? भट्टीत थोडीच जातेय?"

"पोटात," काकी म्हणायच्या. आणि पुढची पुरी बसवायच्या.

या अंगठ्यापायी एकदा अख्ख्या बिल्डिंगची वाट लागली. सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली होती. पाइपलाइनचं काम असल्यामुळे पाणी बंद राहणार, कधीपासून कधीपर्यंत, सगळं त्यांनी शाईच्या पेनानं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. पण लावताना कागदाखाली हवा राहिली होती आणि मधे चांगला पुरीएवढा फुगा आला होता. काकी भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, नोटीस अलगद सोडवली, घरी आणली, परातीत कोमट पाणी घेतलं आणि नोटीस त्यात बुडवली. मग परत नेऊन लावली, मधून बाहेर दाबत. नोटीस भिंतीला अशी बसली की नख घालायला जागा राहिली नाही. फक्त तिच्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं. फिकट निळा, स्वच्छ कागद.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. बिल्डिंगमध्ये कोणीच पाणी भरून ठेवलेलं नव्हतं. सेक्रेटरी संतापून वर आले.

"बाई, तुम्ही नोटीस धुतलीत?"

"बसा," काकी म्हणाल्या.

"बसायला नाही आलो मी. लोक मला शिव्या घालतायत. अक्षर कुठे गेलं त्याच्यावरचं?"

"अक्षर गेलं, ते मी नाही म्हणत नाही," काकी म्हणाल्या. "पण कागद बघा कसा बसलाय."

सेक्रेटरींनी माझ्याकडे आणि शालिनीकडे बघितलं. आम्ही दोघींनी जमिनीकडे. चहा मात्र मिळू शकला नाही, कारण घरात पाणी नव्हतं.

कारखान्यातल्या गोष्टी काकी फारशा सांगत नसत. एक मात्र पुन्हा पुन्हा सांगत. कुठल्याशा पुढाऱ्याच्या साठीला त्याच्या चेहऱ्याच्या प्लेटांची मोठी ऑर्डर आली होती. चेहऱ्याचं काम नाजूक, म्हणून ते काकींकडे दिलं. "दिवसचे दिवस मी त्याचं नाक दाबत होते," काकी म्हणत. पुढे निवडणुकीच्या वेळी तोच पुढारी मुलुंडला आला तेव्हा काकी मुद्दाम बघायला गेल्या, गर्दीतून अगदी जवळ गेल्या, आणि नाराज होऊन परत आल्या.

"नाक वाकडं आहे त्याचं. आम्ही सरळ बसवलं होतं."

"मग मत दिलंत का?"

"प्लेटीला दिलं असतं."

अशा बाईच्या घरी शालिनीला बघायला मुलगा येणार, असं ठरलं.

प्रकाश तिच्याच ऑफिसात होता. कोकणातलं कुटुंब, राहायला घाटकोपर. वडील गिरणी बंद पडल्यापासून गावी असायचे, घरात आई आणि तो. शालिनीचं आणि त्याचं आपसात बोलणं झालेलं होतं, अकोल्याहून होकारही आला होता. पण प्रकाशच्या आईला मुलगी जिथे राहते ते घर बघायचं होतं. शालिनीचं मन अजून पुढेमागे होत होतं. तो फार कमी बोलायचा, आणि त्याच्या पोटात काय आहे ते तिला कळायचं नाही. रात्री हो म्हणायची, सकाळी नको. पण घरात त्या दिवशी शोभा व्हायला नको, एवढं तिचं नक्की होतं.

"काकी," ती म्हणाली, "रविवारी आपण स्टीलच्या डिश वापरू या का? शेजारून आणते मी."

काकी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आण. पोहेपण शेजारूनच आण."

शेवटी तडजोड झाली. बश्या काकींच्याच. पण कोणाला कोणती बशी का दिली, याबद्दल काकींनी अवाक्षर काढायचं नाही. काकींनी शब्द दिला.

रविवारी मायलेक आले. प्रकाशची आई भरदार, मोठ्या आवाजाची. बसल्या बसल्या म्हणाल्या, "आमचं काहीच म्हणणं नाही हो," आणि मग अर्धा तास म्हणणं मांडलं. मुलीनं नोकरी करावी, नाही केली तरी चालेल, पण केली तर वेळेत घरी यावं, यायला उशीर झाला तरी हरकत नाही, पण उशीर होऊ नये. काकी लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता उठल्या, कपाटातली सोनेरी काठाची बशी काढली, मोर आणि सिंहही उचलले आणि स्वयंपाकघरात आल्या. मी पोह्यांवर खोबरं घालत होते.

"सुरू झालंय," काकी माझ्या कानात म्हणाल्या, "टोकं काही जुळत नाहीत."

"काकी, शब्द दिलाय तुम्ही."

"तुला सांगतेय. त्यांना कुठे सांगतेय?"

प्रश्न प्रकाशचा होता. तो आल्यापासून "हो", "नाही" आणि "बरं" एवढंच बोलला होता. काकींनी पडद्याआडून त्याला बघितलं. मोर उचलला, ठेवला. सिंह उचलला, ठेवला. पुन्हा पडद्याशी गेल्या. पोहे निवायला लागले. शेवटी त्या स्टुलावर चढल्या आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून जुन्या पातळात गुंडाळलेली एक प्लेट काढली. पांढरीशुभ्र, कोरी. ती मी कधी पाहिली नव्हती.

"माका ह्याच्यात कायच दिसना नाय," काकी चिडून म्हणाल्या. चिडल्या की त्या मालवणीत जात.

शालिनी ट्रे न्यायला आत आली होती. तिनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

पोहे बाहेर गेले. प्रकाशच्या आईंनी आपली बशी बघितली, मग मुलाची.

"मला सोन्याचा काठ, पोरींना फुलं नि हरणं, आणि माझ्या मुलाला कोरी? मुलगा पसंत नाही का तुम्हाला?"

काकींनी दिलेला शब्द पाळला. ओठ घट्ट मिटून बसल्या.

"विचारतेय मी."

काकींनी शालिनीकडे बघितलं. शालिनी पोह्यांकडे बघत होती.

"बश्या कमी पडल्या जरा," मी म्हणाले. प्रकाशच्या आईंनी माझ्या मागच्या भिंतीकडे नजर टाकली. तिथे ते कपाट होतं.

प्रकाश पोहे खात होता. ते संपले तशी त्यानं प्लेट उचलली, उजेडाकडे धरली, फिरवली, उलटी केली, परत सुलटी केली.

"काकी, तुमच्या बाकी सगळ्या बश्यांत काहीतरी बिघडलेलं आहे. आल्यापासून बघतोय मी," तो म्हणाला. "हिच्यात काय बिघडलंय? मला काही सापडत नाही."

काकी दिलेला शब्द विसरल्या.

"ती नापास नाही," त्या म्हणाल्या. "ती पहिल्या नंबरची आहे. कारखाना सोडला त्या दिवशी साहेब म्हणाले, बाई, एक चांगली प्लेट घ्या, आणि तुम्हाला आवडेल तो छाप लावून घरी न्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आवडीचे लावलेत. मी कागदांच्या गठ्ठ्यापाशी बसले. गुलाब बघितले. मोर बघितले. द्राक्षांचे घोस, निळी फुलं, सगळं बघितलं. जेवायची सुट्टी झाली, परत येऊन बसले. बायका म्हणत होत्या, हे लाव, ते लाव. भोंगा वाजला. मला काय आवडतं तेच मला सांगता येईना."

"मग?" प्रकाशनं विचारलं.

"मग काय. कोरीच घेऊन घरी आले."

मी इतकी वर्षं त्या घरात राहत होते आणि शालिनी माझ्याही आधीपासून, पण हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी. प्रकाशनं मान हलवली.

"बरं केलंत," तो म्हणाला. "पोहे छान दिसतात हिच्यात. अजून आहेत का थोडे?"

काकी हसल्या. त्यांना तोंड उघडून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. स्वतः उठून त्यांनी त्याला पोहे वाढले, वर खोबरं घातलं आणि ते चमच्यानं दाबून बसवलं नाही. शालिनीनं मला नंतर सांगितलं की तिचं त्या क्षणी ठरलं. त्यानंतर ती हो आणि नको करताना मी तिला बघितलं नाही.

प्रकाशच्या आईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. चहा न घेताच त्या उठल्या. पुढे महिनाभर निरोप नाही. शालिनी रोज ऑफिसातून येऊन सांगायची, आज प्रकाश आईशी बोलला, आज आई प्रकाशशी बोलली नाही. काकी ऐकायच्या आणि भाजी चिरत राहायच्या. त्या सुमारास त्यांनी सलग तीन दिवस आमटीत मीठ घातलं नाही, त्यावरून त्यांना लागलं होतं हे आम्ही समजलो. शेवटी प्रकाशनं आईला सांगितलं की लग्न तर मी करणार, आणि तूही येणार. न बोलणारा माणूस एवढं बोलला म्हटल्यावर त्या घाबरूनच तयार झाल्या असाव्यात. लग्न घाटकोपरला एका हॉलमध्ये झालं. काकी अगदी मागच्या रांगेत बसल्या होत्या, आणि प्रकाशच्या आई सगळ्यांना जेवलात का विचारत फिरत होत्या, फक्त काकींना सोडून.

मग शालिनीनं करू नये तेच केलं. नव्या संसारात नवऱ्याला सगळं सांगावंसं वाटतंच. तिनं त्याला बश्यांचं रहस्य सांगितलं, त्यानं आईला हसत हसत सांगितलं. त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी आमच्या दाराची कडी वाजली. मला ताप होता म्हणून मी घरी होते. दारात प्रकाशच्या आई.

"माझ्या बशीत काय होतं ते मला सांगा," त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या.

"सुरू होतं, संपत नाही," काकी म्हणाल्या.

"काय संपत नाही?"

"बोलणं."

"माझं बोलणं संपत नाही?" असं म्हणून त्या आत आल्या आणि बोलायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत. मग काकी बोलल्या. मग दोघी एकदम. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. मधेच काकींनी विचारलं, "जेवलात?"

"भांडायला आलेय मी."

"ते दिसतंय. उपाशी कशाला भांडताय? बांगड्याचं तिखलं केलंय."

त्या जेवल्या. जेवतानाही भांडल्या. तिखल्यात तिरफळ किती असावं यावरून वेगळं भांडण निघालं, आणि तेवढ्यात प्रकाशची ऑफिसातून घरी यायची वेळ झाली. त्या चप्पल घालत म्हणाल्या, "माझं अजून पुरं झालेलं नाही. पुढच्या बुधवारी येते."

आणि आल्या. त्यानंतर त्या दर बुधवारी यायच्या. कधी सोबत सुकट आणायच्या, कधी गावाहून आलेली कोकमं. बशीच्या प्रश्नावरून सुरुवात करायच्या, मग शालिनीच्या तक्रारी सांगायच्या. काकी त्यात शालिनीची बाजू घेत नसत. शालिनी माझ्यापाशी चिडायची, "काकी माझ्या की तिच्या?" मी काय सांगणार? बुधवार चुकला तर काकी संध्याकाळी दोनदा गॅलरीत जाऊन यायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, कपडे वाळलेत का बघतेय. दोरीवर एकही कपडा नसायचा.

काही वर्षांनी काकींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. पण डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं. मी ऑफिसातून थेट हॉस्पिटलमध्ये गेले, तर वॉर्डच्या दारात प्रकाशच्या आई उभ्या होत्या. हातात डबा, कपाळावर घाम. भेटायची वेळ संपत आली होती, आणि नर्स कोणाला आत सोडत नव्हती.

"फक्त जवळचे नातेवाईक," नर्स म्हणाली. "तुम्ही कोण त्यांच्या? बहीण?"

"नाही."

"जाऊ? नणंद?"

"नाही हो."

"मग कोण?"

प्रकाशच्या आई थांबल्या. त्यांना इतका वेळ गप्प राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"आमचं भांडण चालू आहे," त्या म्हणाल्या, आणि नर्सच्या बाजूनं आत गेल्या.